मंडळीत सेवा करायचीय? आधी सोमवार ते शनिवार काय करता ते बघा

मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, भक्ती सुटल्यावर पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, म्हणाले, "आता वेळच वेळ आहे तुम्हाला, संडे स्कूलचा एक वर्ग घ्या." मी हो म्हणालो. महिनाभरात वर्गात सहा पोरं उरली. बायबलमधली दावीद-गल्याथाची गोष्ट मी वाटेतले थांबे सांगावेत तशी सांगायचो, आणि मध्ये कुणी बोललं की "गप्प बसा, मागे सरका!" दोष पोरांचा नव्हता.

म्हणून नव्याने सेवेला लागणाऱ्यांना सांगतो, "माझं कृपादान, म्हणजे देवाने मला दिलेली देणगी, कोणतं?" हे डोळे मिटून शोधत बसू नका. एरवी लोक तुमच्याकडे कशासाठी येतात ते आठवा. बँकेचा फॉर्म भरून घ्यायला येतात? घरात मयत झाली की पहिला चहा तुमच्याकडून जातो? बिघडलेला मिक्सर घेऊन येतात? बायबलात निर्गमाच्या पुस्तकात, ३१ व्या अध्यायात, देवाच्या आत्म्याने भरलेला बसालेल भेटतो, तो कारागीर. सोनं, रुपं, पितळ, लाकूड हेच त्याचं काम. आमच्या नगरला राहून गेलेले ना. वा. टिळक १८९५ साली बाप्तिस्मा घेण्याआधीपासून कवी होते. मंडळीत आल्यावर त्यांनी तीच लेखणी चालवली.

माझं मला कळलं ते हंगामाच्या सणाला, लोक शेतातलं-घरातलं देवाला आणून वाहतात त्या दिवशी. भक्तीनंतर त्या वस्तूंचा लिलाव सुरू झाला आणि लाइट गेली, माईक बंद. कुणीतरी दुधी भोपळा माझ्या हातात दिला. स्टँडवर "शेवगाव, पाथर्डी" ओरडून तयार झालेला गळा! भोपळा तीनशेला गेला, गावठी कोंबडीवरून तर दोन व्याही हट्टाला पेटले. संध्याकाळी खजिनदार नाण्यांच्या ढिगासमोर कपाळाला हात लावून बसले होते. मी शेजारी बसलो आणि वीस मिनिटांत ढीग संपवला. तेव्हापासून अर्पण, म्हणजे भक्तीत लोकांनी टाकलेले पैसे, मोजायला मी.

हे काम कुणाला करायचं असेल तर रीत सांगतो. मोजायला दोघं हवेत, आणि दोघं एका घरातले नकोत. नोटांची तोंडं एका बाजूला करून दहा-दहाच्या गड्ड्या लावा, चिकटपट्टीवाल्या वेगळ्या. नाण्यांच्या दहा-दहाच्या चवडी. कुठली नोट किती, कुठलं नाणं किती, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या, त्याच दिवशी. पैसे घरी न्यायचे नाहीत, एक रात्रही नाही. आणि देवाचे आभार म्हणून कुणी दिलेल्या पाकिटावरचं नाव, आतला आकडा टेबलावरच विसरायचा. बायकोने एकदा विचारलं, अमक्यांनी किती टाकले? म्हटलं, मला फक्त बेरीज आठवते. ती दोन दिवस फुगून होती.

काम मागायच्या आधी दोन-तीन रविवार मागच्या बाकावर बसून बघा. प्रभुभोजनानंतर, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या विधीनंतर, ते इवले इवले प्याले कोण धुतं? पायरी चढताना म्हाताऱ्यांना हात कोण देतं? मग पाळकांकडे किंवा मंडळीच्या पंचांकडे जा, पण "काहीही सांगा" म्हणू नका. काहीही म्हणणाऱ्याला खुर्च्या उचलाव्या लागतात, आणि तो चौथ्या रविवारी रुसतो. "सहा महिने, महिन्यातून दोन रविवार, प्याले मी धुईन," असं सांगा. मुदत संपली की दोन्ही बाजूंनी मोकळेपणी बोलता येतं. आमच्या मंडळीत पेटी वाजवणाऱ्या एकाला मुदतच नव्हती. अकरा वर्षांनी तो एकाएकी यायचाच बंद झाला, आणि तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की दुसऱ्या कुणाला पेटी येतच नाही.

मुलांमध्ये काम करणार असाल तर वर्गात दोन मोठी माणसं आणि दार उघडं, हा नियम स्वतःहून मागा. तुमच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. पोरांसाठी, आणि तुमच्यासाठीही.

आणि पहिल्या महिन्यापासून कुणाला तरी हाताशी धरा. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांत, सहाव्या अध्यायात, विधवांच्या वाढपाची तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या शिष्यांनी, सात जणांवर काम सोपवलं. सगळं स्वतःच ओढत बसले नाहीत. मी हाताखाली बीकॉमची एक मुलगी घेतली. ती मोबाइलवर हिशोब मांडायची, मी कागदावर. मागच्या महिन्यात दहा रुपयांची चूक निघाली. माझ्या कागदात.

आता टेबलावर तीच बसते आणि तिच्या जोडीला महिला मंडळातल्या एक ताई. मी संडे स्कूलच्या दारात उभा असतो. आत जात नाही, गोष्टही सांगत नाही. आत किती गेली ते मोजतो, सुटल्यावर तेवढीच बाहेर आली का ते बघतो. परवा सत्तावीस होती.