ब्राउझर कसा निवडावा: वेग, सोयी आणि खासगीपणा पारखण्याची रीत

नवा फोन किंवा लॅपटॉप घेतला की त्यात जो ब्राउझर असतो तोच बहुतेकजण वर्षानुवर्षं वापरतात. बँकेचे व्यवहार, वैद्यकीय रिपोर्ट, नोकरीचे अर्ज, रात्री-अपरात्री मनात आलेले प्रश्न, सगळं त्यातूनच जातं. इतकं काही ज्याच्या हाती सोपवायचं, तो निवडायला एक संध्याकाळ नक्कीच द्यावी.

आधी इंजिन ओळखा

इंजिन म्हणजे साइटचा कोड वाचून पान पडद्यावर रेखाटणारा ब्राउझरचा भाग. दुकानभर ब्राउझर दिसले तरी त्यांच्या पोटातली इंजिनं मुख्यतः तीनच आहेत. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा आणि विवाल्डी हे सगळे ब्लिंकवर चालतात, फायरफॉक्स गेकोवर आणि सफारी वेबकिटवर. ब्लिंक हे गूगलने २०१३ मध्ये वेबकिटपासूनच वेगळं काढलेलं इंजिन. मायक्रोसॉफ्टनेही २०२० मध्ये स्वतःचं इंजिन सोडून एजला क्रोमियमच्या, म्हणजे क्रोम ज्यावर बांधला आहे त्या खुल्या प्रकल्पाच्या, पायावर उभं केलं.

त्यामुळे क्रोम सोडून एज घेतला तर पान रेखाटण्याच्या वेगात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो वरच्या सोयींत आणि तुमची माहिती कोणाकडे जाते त्यात. आयफोनवर तर युरोपीय संघासारखे अपवाद वगळता प्रत्येक ब्राउझर वेबकिटच वापरतो. तिथे नाव बदललं तरी इंजिन तेच राहतं.

वेग स्वतःच्या यंत्रावर मोजा

जाहिरातीतला वेग कोणत्या यंत्रावर मोजला हे आपल्याला कळत नाही, म्हणून दोन-तीन ब्राउझर उतरवून घ्या आणि चाचणी घरीच करा. स्पीडोमीटर नावाची मोफत चाचणी ब्राउझरमध्येच चालते. तिची तिसरी आवृत्ती २०२४ मध्ये आली आणि ती ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट व मोझिला यांनी मिळून बनवलेली असल्यामुळे एकाच कंपनीकडे झुकलेली नाही. बाकीची ॲप्स बंद करा, लॅपटॉप चार्जरला लावा, एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडलेली छोटी साधनं) बंद ठेवा आणि प्रत्येक ब्राउझरमध्ये ती तीनदा चालवा. आकडे जवळपास सारखे आले तर वेगाचा मुद्दा तिथेच सोडून द्या. आजच्या ब्राउझरांत तो फरक डोळ्यांना क्वचितच जाणवतो.

त्यापेक्षा महत्त्वाची चाचणी म्हणजे रोजच्या दहा साइट एकदम उघडून ठेवणं. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली की कोणता टॅब किती मेमरी खातो ते दिसतं. फायरफॉक्समध्ये हीच माहिती त्याच्या टास्क मॅनेजरमध्ये मिळते. मेमरी जास्त दिसली म्हणून लगेच नाक मुरडू नका. आताचे ब्राउझर वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवतात, म्हणजे एका साइटवरच्या घातक कोडला दुसऱ्या साइटची माहिती सहज वाचता येत नाही. ती मेमरी सुरक्षेसाठी खर्च होते. यंत्रात मेमरी कमी असेल तर न वापरलेले टॅब झोपवण्याची सोय चालू करा. एज आणि क्रोममध्ये ती सेटिंगमध्येच मिळते.

आता खरी गोष्ट. पान सावकाश उघडतं ते बऱ्याचदा इंजिनामुळे नाही, तर त्या पानावर लादलेल्या जाहिराती आणि माग काढणाऱ्या स्क्रिप्टमुळे. बातम्यांच्या एखाद्या साइटवर हे ट्रॅकर अडवून बघा, तेच पान हलकं होऊन झटकन समोर येतं. म्हणून मी वेग आणि खासगीपणा यांना वेगळे निकष मानत नाही. माग अडवणारा ब्राउझर घेतला की वेगही बराचसा पदरात पडतो.

खासगीपणा: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

पहिला प्रश्न थर्ड-पार्टी कुकीचा. तुम्ही उघडलेल्या साइटने नव्हे, तर तिच्या पानावर बसलेल्या तिसऱ्याच कंपनीने ठेवलेली ही खूण असते, आणि तीच कंपनी शेकडो साइटवर असल्यामुळे तुमचा सगळा प्रवास जोडून पाहू शकते. सफारीने २०२० मध्ये अशा कुकी सरसकट अडवल्या. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या कप्प्यात बंद केल्या. ब्रेव्हही त्या अडवतो. क्रोमने त्या काढून टाकण्याची घोषणा २०२० मध्ये केली होती, पण पुढे तो बेत सोडला. म्हणून क्रोम वापरायचाच असेल तर सेटिंगमध्ये जाऊन थर्ड-पार्टी कुकी स्वतः बंद करा. क्वचित एखादी लॉगिनची पायरी अडते, तेवढ्यापुरती त्या साइटला सूट द्या.

दुसरा प्रश्न जाहिरात-रोधकाचा. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलले आणि जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शनं बंद केली. पूर्वी रोधक प्रत्येक विनंती स्वतः तपासून अडवू शकत असे, आता त्याला नियमांची यादी आधीच ब्राउझरकडे द्यावी लागते. म्हणून क्रोमवर यूब्लॉक ओरिजिन या लोकप्रिय रोधकाची फक्त हलकी, मर्यादित आवृत्ती चालते. फायरफॉक्सवर मूळ आवृत्ती अजून चालते, आणि अँड्रॉइडच्या फायरफॉक्सवरही. फोनवर जास्त वाचन करणाऱ्यांना एवढं एकच कारण पुरेसं आहे असं मला वाटतं.

तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: कुकी नसतानाही ओळख पटते. स्क्रीनचा आकार, बसवलेले फॉन्ट, टाइम झोन, ग्राफिक्स कार्ड असे तपशील जोडले की तुमचं यंत्र गर्दीत वेगळं दिसतं. याला फिंगरप्रिंटिंग म्हणतात. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या ‘कव्हर युअर ट्रॅक्स’ या मोफत चाचणीत तुमचा ब्राउझर किती वेगळा दिसतो ते कळतं. ज्यांचा जीव किंवा नोकरी ओळख लपण्यावर अवलंबून आहे त्यांच्यासाठी टॉर ब्राउझर आहे. तो सगळ्या वापरकर्त्यांना शक्य तितकं एकसारखं दाखवतो आणि वाहतूक तीन टप्प्यांतून फिरवतो, म्हणूनच सावकाश चालतो.

इनकॉग्निटो किंवा प्रायव्हेट विंडोवर मात्र या कामासाठी विसंबू नका. ती एवढंच करते की तुमच्या यंत्रावर इतिहास मागे ठेवत नाही. साइटला, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला आणि कार्यालयाच्या नेटवर्कला तुम्ही दिसताच.

सोयी

यादी लांब असते, पण रोज हाताला लागणाऱ्या सोयी मोजक्याच. उभे टॅब, टॅबचे गट, भाषांतर, वाचनासाठी साधं पान. तुमची सगळी उपकरणं ॲपलची असतील तर सफारीची एकसंधता आणि बॅटरीची बचत मोलाची आहे. कामाची आणि घरची खाती एकाच साइटवर चालवत असाल तर फायरफॉक्सचं कंटेनर एक्स्टेन्शन पाहा, एकाच विंडोत दोन्ही खाती शेजारी-शेजारी चालतात.

सिंक, म्हणजे तुमचे बुकमार्क, पासवर्ड वगैरे सगळ्या उपकरणांवर सारखे ठेवण्याची सोय, तपासायला विसरू नका. फायरफॉक्स सिंक केलेली माहिती तुमच्या यंत्रावरच कुलूपबंद करून पाठवतो. त्यामुळे फायरफॉक्स खात्याचा पासवर्ड विसरलात तर सर्व्हरवरची प्रत हातची जाऊ शकते, म्हणून रिकव्हरी की आधीच जपून ठेवा. क्रोममध्ये सगळ्या माहितीला असं कुलूप हवं असेल तर सिंकचा पासफ्रेज स्वतः ठरवावा लागतो.

बदली करताना

नवा ब्राउझर पहिल्या सुरुवातीला बुकमार्क आणि पासवर्ड आणू का असं विचारतो, तिथेच होकार द्या. पासवर्ड फाइलमध्ये काढून न्यायचे असतील तर सांभाळा: ती सीएसव्ही फाइल उघड्या अक्षरांत असते, कोणीही वाचू शकतो. काम झालं की ती फाइल पुसा आणि रिसायकल बिनही रिकामी करा.

आठवडाभर नव्यावरच सगळी कामं करा आणि मगच तो डीफॉल्ट ठेवा. एखादी साइट त्यात बिघडली तर जुना ब्राउझर तेवढ्यासाठी राहू द्या, दोन ब्राउझर ठेवण्यात काहीच गैर नाही. फक्त दोन्हींचे अपडेट आपोआप होऊ द्या, कारण वापरात नसलेला जुना ब्राउझरही यंत्रावर असतोच, आणि त्यात राहिलेली सुरक्षेची भोकं अपडेटशिवाय बुजत नाहीत.