एकच पील राखा: आवडत्या अंतराळगाथेचा पुढचा भाग रचताना

आमच्या माहेरी, चोपडा तालुक्यात तापीच्या काठाला, वैशाखात घरात झोपणं होत नाही. दिवसभर तापलेल्या भिंती मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतात. मग गोधड्या, उशा, पाण्याचा माठ घेऊन सगळं घर धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर. तीन वर्षांपूर्वी अशाच एका रात्री दोन्ही भाच्यांनी लॅपटॉपवर ‘स्टार वॉर्स’चा नववा भाग संपवला. वाळवंट, क्षितिजाला टेकलेले दोन सूर्य, नायिका रे आपलं नाव सांगते आणि संपलं. धाकटा तेव्हा दहाचा. माझ्याकडे वळून म्हणाला, “आत्या, मंग काय व्हयनं?”

हाच प्रश्न मी मोठमायला, म्हणजे आजीला, विचारायचे. ती गोष्ट अर्ध्यावर टाकून झोपून जायची आणि उरलेली गोष्ट मी वर बघत स्वतःच जुळवायचे. त्या रात्री भाच्याला म्हटलं, पुढचं कुणी सांगितलेलं नाही, आपण रचू. तेव्हापासून दर मे महिन्यात आम्ही तिघं बसतो. चाळीसगावात मी शिकवण्या घेते, त्यामुळे वही-पेन्सिलीची शिस्त माझी, बाकी सगळं पोरांचं. हे करताना जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे. तुमची आवडती गाथा दुसरी असली तरी रीत हीच चालेल.

सगळ्यात आधी शेवटचा प्रसंग आठवणीतून लिहून काढा, आणि मग तो परत बघा. ही पायरी गाळू नका. माझ्या भाच्यानं लिहिलं होतं की रे तिथे एकटीच होती. परत पाहिलं तर बीबी-८ हा गोल यंत्रमानव शेजारीच! रे टॅटूइन या वाळवंटी ग्रहावर, जुन्या चित्रपटांचा नायक ल्यूक याच्या काकाच्या जुन्या घरी येते, ल्यूक आणि त्याची बहीण लेया या दोघांची लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाच्या पात्याच्या तलवारी, कापडात गुंडाळून वाळूत पुरते, स्वतःची पिवळी लाइटसेबर पेटवून बघते. वाटेनं जाणारी एक म्हातारी विचारते, तू कोण? ती सांगते, रे स्कायवॉकर. ल्यूक आणि लेया आता हयात नाहीत, पण त्यांची रूपं लांबून बघत असतात. आपण जे विसरलो किंवा मनानं घातलं, त्याची यादी समोर आली की आपल्याला या गोष्टीतून काय हवं आहे ते कळतं. भाच्याला रे एकटी हवी होती. म्हणजे त्याच्या मनात तिच्यासाठी सोबत शोधायची गोष्ट होती.

त्यानंतर सनावळीची वही. या गाथेत वर्षं यावीनच्या लढाईपासून मोजतात. १९७७ चा पहिला चित्रपट म्हणजे वर्ष शून्य. १९८३ चा तिसरा म्हणजे वर्ष ४. नववा, २०१९ चा, वर्ष ३५. रेचा जन्म वर्ष १५ चा, म्हणजे शेवटाला ती विशीत. आम्ही आमची गोष्ट वर्ष ५० ला धरली, म्हणून आमची रे पस्तिशीची आहे. हा हिशेब रुक्ष वाटेल, पण पस्तिशीची बाई आणि विशीची पोर यांच्या बोलण्यात, चालण्यात, रागात फरक असतो. तो वहीत नसेल तर पानावर येत नाही.

आता खरं काम. सुटे राहिलेले धागे जमवा. आमच्या यादीत पहिल्याच रात्री अकरा आले. रेचा मित्र फिन याला वाळूत रुतताना तिला काहीतरी सांगायचं होतं, ते काय? होस्नियन प्राइम हा राजधानीचा ग्रह आणि त्याच्या शेजारचे ग्रह उद्ध्वस्त झाले, मग राज्य कोण चालवतं? कॅन्टो बाइट या जुगाराच्या शहरातल्या तबेल्यातला तो झाडूवाला मुलगा कुठे गेला? जॅना आणि तिच्या सोबत्यांना लहानपणी पळवून नेऊन शिपाई केलं होतं. निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडायच्या नाहीत म्हणून ते सगळे पळाले. शेवटी जुना सेनानी लँडो तिला विचारतो, तू कुठली? तिला माहीत नसतं. तो म्हणतो, चल, शोधून काढू.

अकरा धागे घेऊन बसलात तर गोष्ट होणार नाही. कॉलेजात असताना मी अशी चाळीस पानं लिहिली होती, सगळे धागे एकदम ओढत. मैत्रिणीनं नवव्या पानावर वही परत दिली. मला फार लागलं ते. कारण कळायला वडलांच्या मागे केळीच्या बागेत फिरावं लागलं. केळीच्या खोडाच्या बुडाशी पिलं सारखी फुटत असतात. दर पंधरा-वीस दिवसांनी नाना विळ्यानं ती कापत जातात, नाहीतर घडाचं खाणं पिलंच खातात. झाड निसवलं, म्हणजे घड बाहेर पडला, की मात्र एक पील राखायचं. एकच. आणि तेही निवडून. अरुंद, तलवारीसारख्या पानांचं पील जोमाचं असतं, रुंद पानांचं दिसायला छान पण दुबळं. घड उतरवल्यावरही आईचं खोड नाना लगेच पाडत नाहीत. त्यातला रस उतरून पिलाला मिळतो. त्या पिलाची पुढची बाग होते, तिला आम्ही पीलबाग म्हणतो.

पुढचा भाग म्हणजे पीलबाग. धागा निवडताना मी पोरांना दोनच गोष्टी विचारते. याचं मूळ जुन्या गोष्टीत किती खोल आहे? आणि यातून कुणाला तरी काही करावं लागतं का, की नुसती उत्सुकता भागते? फिनला काय सांगायचं होतं हे रुंद पानाचं पील. एका वाक्यात उत्तर मिळालं की संपलं. जॅनाचं तसं नाही. हजारो मुलं पळवून नेली, म्हणजे हजारो घरांत कुणीतरी वाट बघत बसलं असेल. ती मुलं आता मोठी झाली, हाती शस्त्र धरलेली, स्वतःचं नाव माहीत नसलेली. त्यांना घरी न्यायचं तर घर कुठलं? आम्ही हेच राखलं.

थोरल्या भाचीला झाडूवाला मुलगा सोडवेना. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. तिला म्हटलं, चांगले मुनवे, म्हणजे पिलं, कंदासकट काढून दुसऱ्या वावरात लावतात, आपणही तसंच करू. कापलेल्या धाग्यांची वेगळी वही केली. तुम्हीही करा. तिच्या त्या वहीत आता त्या मुलाची वेगळी गोष्ट सुरू आहे.

मेलेल्याला उठवू नका. खलनायक परत आणणं सगळ्यात सोपं असतं, आणि वाचणाऱ्याच्या मनातून गोष्ट उतरायला तेवढंच पुरतं. त्याऐवजी १९९१ साली टिमथी झान यांनी काय केलं ते बघा. तिसऱ्या चित्रपटानंतर पाच वर्षांनी घडणारी ‘एअर टू द एम्पायर’ ही कादंबरी त्यांनी लिहिली आणि नवा शत्रू आणला, ग्रँड अॅडमिरल थ्रॉन. तो शत्रूच्या लोकांची चित्रं, शिल्पं अभ्यासतो आणि त्यावरून ते लढाईत कुठे चुकतील ते ओळखतो. नुसती ताकद दाखवणारा तो नव्हताच. २०१२ मध्ये ‘स्टार वॉर्स’ काढणारी लुकासफिल्म कंपनी डिस्नेकडे गेली आणि २०१४ मध्ये त्या सगळ्या जुन्या कादंबऱ्या ‘लेजंड्स’ म्हणून बाजूला काढल्या. तरी २०१६ मध्ये ‘रेबेल्स’ या मालिकेत थ्रॉन परत आलाच. मूळ जोमदार असलं की असं होतं.

यानंतरची पायरी माझी सगळ्यात आवडती. तुमच्या जगाला कोण जेवू घालतं ते विचारा.

रे शाळा काढणार, फोर्स म्हणजे या गाथेतलं अदृश्य बळ शिकवणारी, हे बहुतेक सगळेच रचतात. आम्हीही रचलं. पण शाळा म्हटलं की मुलं आली, मुलं आली की भाकरी आली. ती भाजणार कोण, दाणे देणार कोण? याचं उत्तर मला चाळीसगावाजवळ, पाटणादेवीला मिळालं. तिथे १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ आणि बाकीचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा. आजोबांचं काम नातू पुढे नेतो, हाही पुढचा भागच की! पण मला थांबवलं ते शेवटच्या मजकुरानं. वरचं संस्कृत संपून खाली तेव्हाच्या मराठीत लिहिलं आहे की पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरच्या कराचा वाटा मठाला द्यायचा, आणि घाण्यामागे तेलसुद्धा. तारे मोजणाऱ्या शाळेचा दिवा कुणाच्या तेलावर जळायचा, तेही दगडावर कोरून ठेवलं.

पोरांना घेऊन गेले होते मी तिथे. परतीच्या वाटेवर भाचा म्हणाला, मग रेच्या शाळेला टॅटूइनच्या शेतकऱ्यांनी पाणी दिलं पाहिजे. बस्स. आमच्या गोष्टीला तिथून पाय फुटले. टॅटूइनवर पाण्याची शेती करतात. हवेतला ओलावा यंत्रानं ओढून साठवतात. ल्यूकचा काका तेच करायचा, आणि आणखी एक हंगाम थांब म्हणून पोराला अडवून ठेवायचा. हे माझ्या भावाला समजावून सांगावं लागलं नाही. पाण्याच्या पाळीसाठी रात्री दोनला उठून वावरात जाणारा माणूस तो. त्यानं पाच मिनिटांत विचारलं, “ती यंत्रं रात्री चालवतात का दिवसा? गारव्यात जास्त पाणी येत असंन ना!” ते आम्ही तसंच घेतलं. आमच्या टॅटूइनवर शेतकरी रात्रपाळी करतात. शाळेला पाणी द्यायचं की नाही यावर गावात दोन तट पडलेत, कारण मागच्या वेळी ल्यूकची अशीच एक शाळा जळाली होती आणि त्याचा ठपका त्याच्या सख्ख्या भाच्यावर, बेनवरच होता. लोकांना भीती वाटणारच.

तुमच्या भागातली माणसं, त्यांचे धंदे, त्यांचे हिशेब असे विचारून घ्या. गवंड्याला विचारा वाळवंटात भिंत कशी टिकेल, सुईणीला विचारा यानात बाळंतपण कसं होईल. आनंदानं सांगतात.

जे डोळ्यांनी बघता येईल ते बघूनच लिहा. दोन सूर्यांखाली सावली कशी पडते यावर आमच्यात वाद झाला. धाब्यावर तांब्या ठेवला, थोड्या अंतरावर दोन बॅटऱ्या धरल्या. एकाच तांब्याच्या दोन सावल्या, दोन्ही फिकट, आणि जिथे एकमेकींवर येतात तेवढीच जागा गडद. भाचीनं त्याच रात्री लिहिलं, “तिच्या पायाशी दोन रे उभ्या होत्या.” दहा वर्षं शिकवण्या घेऊनही मला असं वाक्य सुचलं नसतं. असा ग्रह खरोखरही आहे: केपलर-१६बी, दोन ताऱ्यांभोवती फिरणारा, २०११ मध्ये सापडलेला. तो शनीएवढा मोठा आणि थंड आहे, तिथे शेत नाही पिकणार.

फोर्स वापरताना त्याचं मोल ठरवून ठेवा. मूळ गाथेत ते आहे. ल्यूक एका ग्रहावर बसून क्रेट या दुसऱ्या ग्रहावर नुसतं आपलं रूप पाठवतो, आणि तेवढ्या श्रमानं जातो. बेन रेला जीव देतो आणि स्वतः संपतो. आमचा नियम असा की कुणी मोठी शक्ती वापरली की त्याच पानावर त्याचं काहीतरी जायला हवं.

भाषेचं थोडं. ‘फोर्स’ला ‘शक्ती’ म्हणून बघितलं, जमलं नाही, पुराणासारखं वाजायला लागलं. नावं आणि अशा खास गोष्टी मूळच्याच ठेवा. बोलणं मात्र आपलं असू द्या. जुन्या चित्रपटांत साम्राज्याचे अधिकारी बहुतेक ब्रिटिश ढंगात बोलतात, म्हणजे भाषेवरून माणूस कुठला ते तिथेही कळतंच. आमच्याकडे राजधानीचे लोक पुस्तकी मराठी बोलतात आणि टॅटूइनचे शेतकरी अहिराणी. पोरांना आधी वाटलं, लोक हसतील. पण रे पाणी मागायला येते आणि म्हातारा म्हणतो, “पानी शे, पन तुले देवाले भ्याव वाटस,” म्हणजे पाणी आहे, पण तुला द्यायला भीती वाटते, तेव्हा धाब्यावर कुणीही हसलं नाही.

आणि मोठ्यानं वाचा. वाचताना कागदाकडे कमी, ऐकणाऱ्यांकडे जास्त बघा. जिथे कुणी उठून माठाकडे जातं तिथे मी समासात फुली मारते. जिथे “मंग काय व्हयनं?” येतं तिथे बरोबरची खूण. दुसऱ्या दिवशी फुलीची पानं सकाळच्या गारव्यात परत लिहायची. ऊन चढल्यावर डोकं चालत नाही, निदान आमच्याकडे तरी.

एक गोष्ट स्वच्छ ठेवा. पात्रं आणि जग दुसऱ्यांच्या मालकीचं आहे, म्हणून हे लिखाण विकायचं नाही, आणि पहिल्याच पानावर तसं लिहायचं. तुम्ही नव्यानं घडवलेली माणसं मात्र तुमची. त्यांना उद्या दुसरं आकाश देऊन स्वतःची गोष्टही लिहिता येईल.

सुरुवातीला तीन पानं पुरेत, एकच प्रसंग. अख्खी तीन भागांची गाथा आखत बसू नका.

आमची गोष्ट यंदा जॅनाच्या दारापर्यंत आली आहे. लँडोच्या मदतीनं तिला घर सापडलं. दार उघडणारी बाई थकलेली आहे, समोरची उंच, काटक बाई आपलीच लेक आहे हे तिला ओळखू येत नाही. उन्हातून आलेल्या कुणालाही विचारावं तसं ती विचारते, पाणी घेशील का? घरात दिवसाचं पाणी दोनच पेले आहे. पुढचं पान भाचीनं लिहायचं आहे. ती म्हणते, जॅना एक पेला घेईल आणि अर्धा परत देईल. भाचा म्हणतो, ती आधी नाव विचारेल. अक्षय्य तृतीयेला सगळे गावी जमतील, तेव्हा दोन्ही पानं धाब्यावर वाचणार आहोत.