होकार देण्याआधी एक साधा आठवडा तिथे राहून बघा

नव्या शहरातल्या नोकरीचा पगार ऐकून आपण मनातल्या मनात सामान बांधायला लागतो. थांबा. शक्य असेल तर आधी चार-पाच दिवस तिथे राहून या, पण पर्यटक म्हणून नको. जिथे घर घ्यायचा विचार आहे तिथून ऑफिसच्या वेळेला निघा, गर्दीतून जा, संध्याकाळी त्याच वाटेने परत या. रविवारी दुपारी वीस मिनिटांत होणारा प्रवास सोमवारी सकाळी तासाभराचा निघू शकतो, आणि तो रोज दोनदा करायचा असतो!

पगारवाढीचा आकडा एकटा बघू नका. भाडे, अनामत रक्कम, प्रवास, घरी येण्या-जाण्याचा खर्च वजा करून हातात काय उरतं ते आजच्या शिलकीशी ताडून पाहा. जोडीदाराची नोकरी सुटणार असेल तर तो पगारही वजाबाकीत धरा. हे हमखास राहून जातं.

स्थलांतराचा खर्च कंपनी देणार असेल, तर वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास तो परत करावा लागतो का, हे लेखी विचारून घ्या. पहिला भाडेकरार शक्यतो कमी मुदतीचा करा.