उणे १२७ अंश आणि एक नारिंगी पट्टा

डीएस१८बी२० हा तापमान मोजणारा सेन्सर आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डाला जोडला आणि सिरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाने पाठवलेले आकडे दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या खिडकीत, उणे १२७ दिसायला लागलं. हे तापमान नव्हेच. हा सेन्सर मोजतो ते उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत. सेन्सरकडून उत्तर आलं नाही की लायब्ररी (सेन्सर वाचणारा तयार कोड) हा आकडा देते. वायरी बदलल्या, पिन बदलली, दुसरा सेन्सर लावून पाहिला. आकडा काही हलेना.

या सेन्सरची डेटा लाइन, म्हणजे माहिती नेणारी तार, आपणहून वरच्या व्होल्टेजला जात नाही. बोर्ड आणि सेन्सर दोघंही ती फक्त खाली ओढतात. तिला परत ५ व्होल्टवर नेण्याचं काम डेटा आणि व्हीसीसी (वीजपुरवठ्याची तार) यांच्यामध्ये लावलेल्या ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरचं. तो तर मी लावला होता! शेवटी काढून खिडकीच्या उजेडात धरला, कारण रेझिस्टरची किंमत त्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून कळते. पिवळा, जांभळा, आणि तिसरा पट्टा लाल नाही, नारिंगी. म्हणजे ४७ किलोओहम, सरळ दहापट. मल्टिमीटरनेही ४६.८ दाखवलं. त्यात माझी वायर तीन मीटर लांब, त्यामुळे लाइन वेळेत वर येतच नव्हती. योग्य रेझिस्टर लावला आणि २७.३१ आलं.

पहिलं रीडिंग मात्र ८५ यायचं. चिप चालू होताना तिच्यात हीच किंमत असते. १२ बिटच्या, म्हणजे सगळ्यात बारीक, मोजणीला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो आणि माझा कोड त्याआधीच वाचत होता. तेवढं थांबवलं, ८५ गेलं. मग सेन्सर चिमटीत धरून बसलो. आकडा हळूहळू ३१ पर्यंत चढताना बघून फार बरं वाटलं.