कोयनेच्या धक्क्याची खोली सांगण्याआधी

कोयना भागात धक्का बसला की विचारणा होते, "किती खोल?" भूकंपाच्या नोंदी वाचणं हे माझं रोजचं काम. नव्याने शिकणाऱ्यांना मी बजावते, खोलीचा नुसता आकडा देऊ नका; जमिनीखालचं कोणतं मॉडेल, म्हणजे थरांची जाडी आणि त्यातल्या लहरींचा वेग यांचा कोणता आराखडा, धरून तो काढला, तेही लिहा.

भूकंपमापक वेळ नोंदवतो. अंतर आपण काढतो, तेही खडकातला लहरींचा वेग गृहीत धरून. भूकंपाची आधी पोचणारी वेगवान लहर म्हणजे पी, मागून येणारी संथ लहर म्हणजे एस. समजा, पी लहरीनंतर दोन सेकंदांनी एस आली. पीचा वेग सेकंदाला 6 किलोमीटर आणि पी-एस वेगांचं गुणोत्तर 1.73 धरलं, तर भूकंपाचं मापकापासूनचं अंतर 16.4 किलोमीटर. वेग 5.5 धरा, 15 येईल. वेग 6 ठेवून गुणोत्तर 1.78 करा, 15.4 येईल. नोंद मात्र तीच!

म्हणून आधी वडाटी आलेख काढा. आडव्या अक्षावर प्रत्येक नोंदणी केंद्रावर पी पोचल्याची वेळ, उभ्या अक्षावर एस आणि पीमधलं अंतर सेकंदांत. रेषेच्या उतारात एक मिळवला की गुणोत्तर हाती येतं. एखादा बिंदू रेषेखाली घसरला असेल तर तिथली एस पुन्हा वाचा. बेसाल्टच्या तळाशी एसची पी होऊन आलेली लहर खऱ्या एसच्या आधी पोचते आणि घाईत तीच एस म्हणून टिपली जाते.

मग थर. कोयनेजवळ गोठणे इथल्या खोल विंधनविवरात बेसाल्ट सुमारे सव्वा किलोमीटर जाड निघाला, त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाईस. किल्लारीला बेसाल्ट जेमतेम 338 मीटर. कोयनेचं मॉडेल उचलून किल्लारीला लावणं मला मुळीच मान्य नाही.

आता खोली 2, 4, 6 अशी 14 किलोमीटरपर्यंत एकेक पक्की करून गणित चालवा आणि दर वेळची चूक, म्हणजे गणिताने आलेल्या आणि नोंदलेल्या वेळांतला फरक, आलेखावर मांडा. चूक सर्वांत कमी असते तिथे आलेखात दरी दिसते; ती अरुंद असेल तर खोली भरवशाची. पसरट असेल तर नाही. हेच दुसऱ्या मॉडेलनेही करा. लहर नाभीतून, म्हणजे भूकंप जिथे सुरू झाला त्या जागेतून, कोणत्या कोनात निघाली हेही मॉडेलच ठरवतं, त्यामुळे प्रस्तरभंग आडवा सरकला की खाली घसरला, हा निष्कर्षही तपासावा लागतो. भूकंपाच्या प्रतीची (मॅग्निट्यूडची) काळजी त्या मानाने कमी: एसच्या वेगात दहा टक्के चूक झाली तरी प्रत साधारण 0.1 नेच हलते.

सर्वांत जवळचं नोंदणी केंद्र नाभीच्या खोलीच्या दुपटीहून लांब असेल, तर अहवालात सरळ लिहा: खोली निश्चित करता आली नाही.