नागपूरच्या उन्हाळ्यात वादळी वाऱ्याचा अंदाज कसा बांधावा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४३-४४ अंशांवर असताना जे वादळ येते, त्याचा पाऊस कधीकधी चार थेंबांत आटोपतो; वारा मात्र झाडे उन्मळून टाकतो आणि छपरांचे पत्रे उडवून नेतो. म्हणून इथे पाऊस किती पडेल हा प्रश्न मागे ठेवावा आणि तो वाटेतच किती सुकेल, हे आधी पाहावे.

सुरुवात सकाळी ५.३०च्या रेडिओसोंड बलूनच्या, म्हणजे वर जाताना हवेचे तापमान आणि ओल मोजणाऱ्या फुग्याच्या, नोंदींपासून करावी. टेफिग्रामवर, म्हणजे या नोंदींच्या उंचीनुसार काढलेल्या आलेखावर, तापमान आणि दवबिंदू (हवेतली वाफ ज्या तापमानाला दव होऊ लागते ते) यांच्या रेषा जमिनीलगत एकमेकींपासून दूर आणि वर तीन-चार किलोमीटरवर जवळ आलेल्या दिसल्या, तर तो उलट्या ‘व्ही’चा आकार धोक्याची खूण समजावी. मात्र सकाळच्या आलेखात जमिनीलगतची हवा रात्रभर निवलेली असते. त्यामुळे तिथे दुपारचे अपेक्षित कमाल तापमान स्वतः मांडल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

हे जमत नसेल, तर साधा हिशेब पुरतो. तापमान आणि दवबिंदू यांतील फरकाला १२५ने गुणले की ढगाच्या तळाची उंची साधारण मीटरमध्ये मिळते. पारा ४३ अंश आणि दवबिंदू १६ अंश असेल, तर फरक २७ आणि ढगाचा तळ सुमारे ३,४०० मीटर. एवढ्या उंचीवरून पडणारे थेंब कोरड्या हवेत विरतात, विरताना भोवतालच्या हवेची उष्णता शोषून घेतात, आणि थंड होऊन जड झालेली ती हवा जमिनीवर आदळून चहूकडे पसरते; हाच तो कोरडा झोत. दवबिंदू फारच कमी असेल तर मुळात ढगच उभा राहत नाही. बंगालच्या उपसागराकडून थोडी ओल येते, पण खालची हवा अजून तापलेली आणि कोरडीच असते, असे मधले दिवस मला सर्वांत घातक वाटतात. घरातला कूलर काल गारवा देत होता आणि आज नुसताच दमट वारा फेकतो आहे, हीदेखील त्या ओलीची बऱ्यापैकी विश्वासार्ह खूण आहे.

दुपारनंतर उपग्रहाची छायाचित्रे पाहावीत आणि विशेषतः उत्तरेला, सातपुड्यावर, उभे वाढणारे ढग शोधावेत. ते नागपूरकडे येतील की नाही, हे मुख्यतः मध्यम उंचीवरील वाऱ्यांच्या दिशेवरून ठरवावे. डॉप्लर रडारवर ढगाचा रंग फिका आहे म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण कोरडा झोत कमी पावसाच्या ढगातूनही उतरतो. ढगाच्या पुढे सरकणारी एखादी बारीक रेषा दिसली, तर ती झोताची आघाडी असते आणि पावसाच्या कित्येक किलोमीटर आधी पोहोचते.

गच्चीवरून पाहणाऱ्याला ढगाखाली पावसाच्या झालरी लोंबताना दिसतात, पण त्या जमिनीपर्यंत टेकत नाहीत. त्यांच्या खाली मातकट धुळीची भिंत उठली की हाताशी फार वेळ उरत नाही. तेवढ्यात कूलरची वायर काढावी, सैल पत्र्यांपासून व झाडांपासून दूर होऊन पक्क्या घरात यावे. हवामान खात्याचा पुढील तीन तासांचा तात्कालिक इशारा आणि विजांसाठी ‘दामिनी’ ॲप त्याआधीच उघडलेले असावे.

पहिला झोत ओसरला की पुष्कळांना वादळ गेलेसे वाटते. परंतु पसरणारी थंड हवा पुढच्या तापलेल्या हवेला वर ढकलून नवे ढग उभे करते, म्हणून त्या रेषेच्या पुढे काय उगवते, हे आणखी तासभर रडारवर पाहत राहावे.