कॉलेजसमोरचा रस्ता पादचाऱ्यांसाठी करताय? या चुका टाळा

कॉलेजसमोरच्या रस्त्याचं काम निघालं की पहिली बैठक फरशीच्या रंगावरच जाते. लाल घ्यायची की करडी, बाक ग्रॅनाइटचे की लोखंडी. अशा बैठकांना मी बसलोय. मुलं त्या रस्त्यावरून नेमकी कुठून कुठे जातात, हे विचारणारं तिथे कुणी नसतं.

पहिली चूक हीच. काम काढण्याआधी दोन दिवस कॉलेज सुटायच्या वेळी फाटकाशी उभं राहा. फाटक, बसथांबा, चहाची टपरी, झेरॉक्सचं दुकान: मुलं यांच्यामध्ये सरळ रेषेत चालतात. एका कॉलेजसमोर दुभाजकाच्या जाळीचे दोन गज वाकवून पोरांनी वाट केली होती. कंत्राटदाराने ते तीनदा सरळ केले, चौथ्यांदा त्याने नाद सोडला. झेब्रा पट्टी तिथून बरीच पुढे, कोरी करकरीत. पट्टी हवी होती ती गज वाकले तिथेच, आणि तीही नुसती रंगवलेली नव्हे. पट्टीच्या जागी रस्ताच फूटपाथच्या उंचीला उचलून सपाट ओटा, म्हणजे टेबलटॉप केला की गाड्या आपसूक हळू होतात.

फूटपाथवर दुचाक्या चढतात ही सगळ्यात मोठी तक्रार, आणि त्यावर ठरलेला उपाय म्हणजे बोलार्ड, वाट अडवायला रोवलेले बुटके खांब. पण टेप घेऊन बघा. दोन खांबांमध्ये व्हीलचेअरला निदान ९० सेंटिमीटर फट लागते, स्कूटरची रुंदी साधारण ७०. व्हीलचेअर जाईल त्या फटीतून स्कूटर जाणारच, आणि स्कूटर अडेल एवढी फट बारीक केली तर व्हीलचेअरवालाच अडकतो. बोलार्ड चारचाकीसाठी असतात. दुचाकीचा इलाज दुसरीकडे आहे. ती वर का चढते ते शोधा. पुण्यात फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता दोन्ही एकेरी. अशा ठिकाणी लांबचा वळसा घालण्यापेक्षा थोडं अंतर फूटपाथवरून उलटं जाणं पोरांना सोपं वाटतं. मग वळायची सोय जवळ द्या, नाहीतर नेमक्या त्या कोपऱ्यावर माणूस उभा करा. दुसरं कारण पार्किंग. ते मागच्या फाटकाशी आणि तास पुढच्या इमारतीत असेल, तर गाड्या पुढेच लागणार.

फूटपाथ असूनही लोक डांबरावरून चालत असतील, तर आधी उंची मोजा. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत कर्बची, म्हणजे फूटपाथच्या कडेची उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको असं आहे. एवढ्या उंचीला १:१२ चा उतार, म्हणजे उंचीच्या बारापट लांब, द्यायचा तर १.८ मीटर लांबी लागते. ती सोडलेली नसते, म्हणून मग घसरगुंडीसारखे रॅम्प होतात. प्रत्येक फाटकाशी फूटपाथ खाली उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा, हेही चुकीचं. फूटपाथ सलग ठेवा, चढ-उतार गाडीने करावा. रुंदी मोजताना कर्बपासून भिंतीपर्यंत टेप धरू नका. विजेची डीपी पेटी, झाड, जाहिरातीचा खांब वगळून सलग १.८ मीटर मोकळे राहतात का, ते पाहा. राहत नसतील तर बाकांचा हट्ट सोडा.

झाडांच्या बुंध्याला काँक्रीट भिडवू नका, चारी बाजूंनी निदान मीटरभर माती ठेवा. पाणी कुठे साचतं ते जूनमध्येच कळेल, त्यामुळे चेंबरची झाकणं फरशीच्या पातळीला आणि उतार गटाराकडे, एवढं पावसाळ्याआधी तपासा.

हातगाड्या हटवल्या की रस्ता ‘स्वच्छ’ झाला, असं प्राचार्यांना वाटतं. संध्याकाळी सातनंतर त्या रस्त्याने एकट्या जाणाऱ्या मुलीला विचारा. वडापावच्या गाडीचा दिवा आणि तिथली चार माणसं हाच तिचा आधार होता. पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे. त्यानुसार सर्वेक्षण करून हातगाडीवाल्यांना ठरलेल्या जागा द्या, चालायची पट्टी सोडून.

आणि एकदम खणायला घेऊ नका. पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्याचा एक भाग ११ डिसेंबर २०२१ ला पादचारी दिनासाठी वाहनांना बंद ठेवला, तेव्हा तिथे काही तोडफोड करावी लागली नव्हती. कोन, कुंड्या आणि रंग लावून तुम्हीही आधी करून बघा. फक्त एका रविवारवर जाऊ नका. परीक्षेच्या आठवड्यात आणि प्रवेशाच्या गर्दीत काय होतं ते बघा.

राहिलं कुलूप. रस्ता बंद करणारा काढता खांब बंब आणि अँब्युलन्ससाठी असतो, पण किल्ली बहुतेक वेळा एकाच वॉचमनच्या खिशात, आणि तो जेवायला गेलेला. तीन किल्ल्या करा, एक फाटकाच्या चौकीत खिळ्याला टांगून ठेवा. महिन्यातून एकदा कुलूप उघडून तेलाचे दोन थेंब सोडा. पावसाळ्यात ते हमखास गंजून धरतं.